न तापवलेलं दूध

प्रिय सूनबाई,

सुरुवातीला काय लिहावं यावरच पेन अडलं होतं. कागदोपत्री आपलं नातं गेल्या वर्षी संपलं. पण तुला नावाने हाक मारायची मला कधी सवय नव्हती, आता या वयात ती कुठून लावू? सूनबाईच लिहिते. खटकलं तर खोडून वाच.

खुशाली आधी शेळ्यांची सांगते, कारण पत्र हातात पडल्यावर तू तीच शोधणार. सगळ्या आहेत. एकही विकलेली नाही. बॅग उचलून निघताना तू गोठ्याच्या दाराशी थांबलीस आणि म्हणालीस, आई, यांना विकून टाका, तुमच्याच्याने हे रेटवणार नाही. माझा मुलगाही दर फोनला तेच म्हणतो, वर अंगणाचा वास जाईल असं आमिष दाखवतो. तुझे सासरे तेवढे विकायचं नाव काढत नाहीत. ते अजूनही मास्तरणीचं दूध काढताना तिच्याशी जगभरच्या गप्पा मारतात आणि घरात आले की माझ्याशी ‘मीठ दे’च्या पुढे मजल जात नाही. मास्तरीण तशीच आहे, मान ताठ, नजर अशी की आपणच गृहपाठ विसरलोय. ठमी गाभण आहे. फौजदार बोकडाचा वास मात्र जगाच्या अंतापर्यंत टिकेल. त्याला दूध देणाऱ्यांपासून लांब बांधायचं, नाहीतर दुधाला वास लागतो, हे तू शिकवलेलं मी विसरलेली नाही.

विसरले ते दुसरंच. तू गेल्यावर साबणाचा पहिला घाणा घातला तेव्हा सगळं तुझ्यासारखं मांडलं. तेल, वजनकाटा, कॉस्टिक सोडा, हातमोजे, माझ्या चष्म्यावर तुझा तो मोठा चष्मा. आणि दूध? दूध मी नीट तापवून घेतलं. अगं, उभा जन्म दूध घरात आलं की आधी गॅसवर चढवलंय. हाताने विचारलंच नाही मला. त्या कोमट दुधात सोडा पडला मात्र, पातेलं भगभगलं, दूध फाटून विटकरी झालं आणि असा दर्प उठला की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, काय हो, फौजदाराला आंघोळ घातलीत की काय? तुझे सासरे खिडक्या उघडत फिरले. म्हणाले, तापवायचं नसतं, ती त्याचा बर्फ करायची. मी म्हटलं, मग आधी का नाही बोललात? तर म्हणे, तू विचारलंस कुठे.

मग मला तू दिसायला लागलीस. दुधाचा बर्फ करून ठेवायचीस, पातेलं गार पाण्याच्या परातीत बसवायचीस आणि सोडा चिमटीचिमटीने सोडायचीस, जसं काही कुणाला झोपेतून न उठवता खोलीतून बाहेर पडायचंय. मी ओट्यापाशी भाजी निवडत तुझी थट्टा करायचे, दुधाचा बर्फ आणि त्यात कपडे धुवायचा सोडा, देवा रे. तू हसायचीस आणि हात थांबवायची नाहीस. तुझ्या त्या न थांबणाऱ्या हातांकडे मी किती वेळ पाहत बसायचे, ते तुला ठाऊक नाही. या घरात कुणाला एखादं काम इतकं मनापासून येतं, याचं मला तेव्हाही अप्रूप होतं. बोलले नाही, कारण आमच्याकडे कौतुक पाठीमागे करायची पद्धत आहे.

पुढचे घाणे जमत गेले. आता चमच्याने ओढलेली रेघ मिश्रणावर टिकली की कळतं मला, साच्यात ओतायची वेळ झाली. वड्या तुझ्याइतक्या सरळ कापल्या जात नाहीत. मुरायला ठेवल्या की मात्र मी तुझ्याहून कडक आहे, नीट मुरल्याशिवाय कुणालाही हात लावू देत नाही. हातापायाला लावायचं तुझं ते मलमही जमलं, फक्त पहिल्यांदा इतकं घट्ट झालं की तुझे सासरे म्हणाले, यात खिळा ठोकता येईल.

आता खरी बातमी. दवाखान्यातल्या नर्सबाई आठवतात? दिवसभर हात धुऊन धुऊन त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. त्यांनी साबण आणि मलम नेलं होतं. परवा त्या आणखी दोघीजणींना घेऊन आल्या आणि माझ्यासमोर तळहात पसरून उभ्या राहिल्या. मऊ झाले होते गं. म्हणाल्या, काकू, हे करायला शिकलात कुठे? मी म्हटलं, माझ्या सुनेकडे. शेजारच्या काकू तिथेच होत्या, त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, सून होती, आता नाही. मी म्हटलं, काकू, तुमचे शाळेतले मास्तर आता तुमचे मास्तर नाहीत का? नर्सबाई हसल्या. माझी मान मात्र मास्तरणीसारखी ताठ झाली होती, हे आरशात न बघताही सांगते.

काकूंचं म्हणणं, मी शेळ्या राखल्यात त्या तुला परत ओढून आणायला. तसं नाही बाळ. तुमच्या दोघांत काय झालं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. परत ये, असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. पण आपला साबण नेणारी ती पार्लरवाली तुझ्याकडे येऊन गेली. तिने सांगितलं, तू तळमजल्यावर मागे अंगण असलेली जागा घेतलीस आणि पिशवीच्या दुधाचा साबण करून बघतेयस, मनासारखा होत नाही. शेळ्या मागायला तुझी जीभ रेटणार नाही, मला माहीत आहे. निघताना एक वाटीसुद्धा घेतली नव्हतीस. म्हणून हे पत्र. मास्तरीण करडू असताना तू छातीशी धरून आणली होतीस आणि ठमी तुझ्या हातात जन्मली. त्या तुझ्याच आहेत, तुझं स्वतःचं अंगण होईपर्यंत माझ्याकडे राहिल्या, एवढंच. उरलेल्या दोन शेळ्यांवर माझं छान भागेल आणि फौजदार तुझ्या शेजाऱ्यांना सोसायचा नाही, तो इथेच बरा. ठमी नव्या जागी रुसेल, चारा हातातून दे. पत्र आणि दोघी एकाच टेम्पोतून निघताहेत, तुला नाही म्हणायला फुरसत मिळू नये म्हणून. टेम्पोवाल्याला सांगितलंय, आधी पत्र दे, तिचं वाचून होईपर्यंत थांब. एव्हाना तो फाटकाशी बिडी ओढत उभा असेल. डोळे पूस आणि खाली उतरवून घे त्यांना.

तुझीच,
आई