कामिनीकडचं दार

१० नोव्हेंबर, सोमवार
मिस्त्री ठरवला एकदाचा. रुपराव नाव. कुहीकडचा, साठीचा, कानावर विडी खोचलेली. नऊला येतो म्हणाला आणि अकराला उगवला! दार बघितलं. माझ्या स्वयंपाकघरातून कामिनीच्या स्वयंपाकघरात उघडणारं दार. ते विटांनी बुजवायचं, बस, एवढंच काम. तर याचा पहिला प्रश्न काय? "काहून बुजवता जी?"
तुला काय करायचंय! वीट लाव, प्लास्टर कर, घरी जा. तीस वर्षं वॉर्ड सांभाळला मी. मोठमोठे डॉक्टर मला 'का' विचारायला धजले नाहीत.
"बहिणी बहिणी ना तुमी?" — हे वर.
हो, सख्ख्या. बाबांच्या घराचे दोन भाग, पुढचा माझा, मागचा तिचा. तिला मागच्या गल्लीत वेगळं दार आहे. तिने तिकडूनच यावं-जावं. आमच्या हुडकेश्वरात कोणाचं काही अडत नाही.

११ नोव्हेंबर
अर्धा दिवस नुसती चौकट काढण्यात घालवला! करवत लाव, तुकडे कर, भंगारात जाऊ दे, असं तीनदा सांगितलं. ऐकून न ऐकल्यासारखं. ठोकत ठोकत, कुरवाळत, अख्खी चौकट बाहेर काढली. मग चौकट आणि दाराचा पल्ला दोन्ही गच्चीवर नेऊन प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले. "वाळवी लागन जी." लागू दे की! तुझ्या बापाचं काय जातं?
बाबांनी घर बांधताना पहिल्या विटेला नारळ फोडला होता, म्हणून मीच विचारलं, नारळ आणायचा का. दात काढून म्हणतो, "दार बुजवाले नारळ नाही लागत जी. उघडाले लागते."
शहाणा!

१२ नोव्हेंबर
आज हद्द झाली. भाजी घेऊन आले तर हा त्या उघड्या भगदाडात पाय सोडून बसलेला, हातात कामिनीच्या कपातला चहा! माझा मिस्त्री, माझं काम, आणि चहा तिचा! कप तिच्या हद्दीत सरकवून दिला फक्त. ती ओट्याशी उभी होती. आईची जुनी ओढणी खांद्यावर. तिने माझ्याकडे बघितलं, मी बघितलं नाही.
विटा भिजवल्या का विचारलं. नाही! मोबाईलवर दहा व्हिडिओ बघितले मी, सगळे सांगतात विटा आधी भिजवा. हा म्हणतो, "ह्या कामाले नाही लागत." मग मी आवाज चढवला तेव्हा मग्गाभर पाणी शिंपडलं. देवाला शिंपडावं तसं.
कशासाठी बुजवतेय ते इथे तरी लिहावं. याच दारातून कामिनीने आईला लोणचं चारलं. लिंबाचं. किडन्या गेलेल्या बाईला, जिचं मीठ मी मोजून देत होते! मी ड्युटीसारखी वेळा पाळत होते आणि ही पाठीमागून बोटावर लोणचं घेऊन यायची. ऑगस्टात आई गेली. तेरवीला चार पाहुण्यांसमोर मी बोलले — तू मारलंस तिला. ती एवढंच म्हणाली, "तोंडाले चव घेऊन गेली वं ताई."
चव!

१३ नोव्हेंबर
बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले. जिवंत आहे हे सिद्ध करायला पाच तास! चारला घरी आले तर भिंत उभी, वर प्लास्टरसुद्धा. दोन्ही बाजूंनी. हा आळशी माणूस आजच एवढा चपळ कसा झाला? ओळंबा लावून बघायला लावला. भिंत सरळ आहे. नाव ठेवायला जागा सापडेना, त्याचाच राग आला.
जास्वंदीपाशी कोणीतरी माती उकरलीय. कुत्रीच असणार.

१४ नोव्हेंबर
आठ दिवस पाणी मारायचं ना, विचारलं. "वरच्यावर शिंपडा. लय नका मारू." जगातला पहिला मिस्त्री, जो पाणी मारू नका म्हणतो!
गेला एकदाचा. धान कापणीला गावी जातो म्हणाला.

१६ नोव्हेंबर
शांत आहे. तिच्या फोडणीचा वाससुद्धा येत नाही. हेच हवं होतं.

२२ नोव्हेंबर
फसवलं! त्या हरामखोराने मला फसवलं!
आईचा फोटो त्याच भिंतीवर लावायचा होता. कामिनीच्या नाकासमोर, पण माझ्या बाजूने. खिळा ठोकला. दोन ठोक्यांत आरपार आत, आणि भोकातून भुरभुर माती! विटांमध्ये सिमेंट नाही, नुसती माती. माझ्या जास्वंदीची माती! वरून प्लास्टरचा पातळ पापुद्रा.
हातोडी आपटली असेन मी. पलीकडून आवाज आला — "ताई?"
मी श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. थोड्या वेळाने तिची चप्पल दूर गेली.
लगेच रुपरावला फोन. वाट्टेल ते बोलले. चोर म्हटलं, माणूस सगळं ऐकून घेतो! मग म्हणाला, "चोरी नाही जी. सिमेंटची बॅग तुमच्या जिन्याखालीच हाय, पाहून घ्या. बहिणीभावाचं दार आमी मातीतच बुजवतो. माह्या बापानं बी तसंच केलं. दोन-चार सालानं लोक बलावतेच परत, उघडाले. सिमेंटात लावली का वीट फुटते, मातीतली साबूत निघते."
मी म्हटलं, तुझ्या बापाचं ज्ञान तुझ्यापाशी ठेव. ये आणि सिमेंटात करून दे.
"धान घरात येऊ द्या. येतो."
जिन्याखाली बघितलं. बॅग आहे. वरून थोडंसंच काढलेलं.

२३ नोव्हेंबर
रविवार. कोणी आलं नाही, गेलं नाही.
आईने लोणचं आधी माझ्याकडे मागितलं होतं. "चारू, एक फोड दे वं." मी तिला आहाराचा तक्ता दाखवला. आईला! तिने मान फिरवली ती फिरवलीच. नंतर माझ्याशी फक्त पाणी दे, उशी सरकव. कामिनी दारात आली की आई हसायची. आतल्या खोलीत ऐकू यायचं मला.
आणि डॉक्टरांनी त्याआधीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं — सिस्टर, तुम्हाला कळतंच आहे, आता थोडेच दिवस. लोणच्याने काही वाढणार नव्हतं, काही कमी होणार नव्हतं. मला माहीत होतं. कामिनीला सांगितलं नाही. तेरवीला बोलले तेव्हाही माहीत होतं.
मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो. झालं, लिहिलं.

२६ नोव्हेंबर
रुपरावचा पत्ता नाही. एकाचा शब्द खरा असेल तर शपथ!
खिळ्याच्या भोकाला कान लावला. ती एकटीच जेवत होती. ताटात चमचा वाजत होता.

१ डिसेंबर, सोमवार
रुपराव आला. साडेआठलाच! जिन्याखालची बॅग खांद्यावर घेऊन दारात उभा. "कुठं उतरवू जी?"
मी त्याच्या हातात नारळ दिला.
त्याने बॅग खाली ठेवली, नारळ फोडला, भिंतीला थापी लावली. पहिली वीट साबूत निघाली. दुसरीला हात घालणार तोच ती पलीकडूनच ढकलली गेली —
"ताई, पाय मांगं घे!"