भूक मेलेल्या माणसाचं वजन

१४ जुलै, सोमवार
नवी वही. ठरलं. आजपासून जेवण बंद. याला उपोषण म्हणता येणार नाही, उपोषण हट्टी लोक करतात. माझी भूकच मेली आहे.

परिस्थिती लिहून ठेवतो. सात वर्षं नायजेरियात, लागोसला काढली. बाबा तिथं प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात मेन्टेनन्स सुपरवायझर. बारावी संपली आणि मला फार्मसीसाठी यवतमाळला मोठ्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या घरी पाठवलं, कुरिअर पाठवावं तसं. काल फोनवर आईशी भांडलो. शेवटी ती म्हणाली, तिथलं अन्न तुला खरंच मानवलं नाही आणि वजन उतरलं, तर जानेवारीत परत बोलावू, इथल्या कॉलेजात घालू. शब्द दिला तिनं.

मेडिकलवाल्याच्या काट्यावर आज ७१. पासष्टला आलो की तिकीट. अवघड काय आहे? इथं खाण्यासारखं आहेच काय?

संध्याकाळी जोलोफ राइस आठवून डोळ्यांत पाणी आलं. ताटात ठेचाही होता, पण ते पाणी वेगळं. भाकरी तीन. तिसरी मोठ्या आईनं न विचारता टाकली, ती धरत नाही.

१६ जुलै
सकाळी फक्त चहा. आणि चहाबरोबर जे काही असतं ते.

२० जुलै, रविवार
शेजारच्या विमलताईंनी आषाढाचे गुलगुले पाठवले. गूळ, कणीक, तेल. हसू आलं. लागोसचं पफ-पफ ज्यानं खाल्लंय त्याला हे काय दाखवता? नेमका फरक कशात आहे ते कळावं म्हणून एक खाल्ला. फरक कळेना. अभ्यास म्हटला की नमुने जास्त लागतात. डबा संपला तरी निष्कर्ष निघाला नाही.

मोठी आई म्हणाली, मोठ्या बाबांसाठी दोन तरी ठेवायचे होते रे बापा. मोठे बाबा एसटीतून रिटायर झाले आहेत, त्यांना शुगर आहे. मी त्यांचा जीव वाचवला हे कोणी बोललं नाही.

२ ऑगस्ट
कॉलेजात माझं नाव नायजेरिया पडलं. वाईट वाटलं नाही. आम्ही आफ्रिकन लोक मोठ्या मनाचे असतो.

वर्गातला प्रेमसिंग, उमरखेडकडचा, म्हणाला, तिकडचं काही बोलून दाखव. मी ‘नो वहाला’ म्हणालो, म्हणजे काही टेन्शन नाही. अजून बोल म्हणाला. मी म्हणालो, भाषा अशी रस्त्यावर उधळायची नसते. (एवढंच येतं. पण उच्चार शुद्ध आहे.)

मोठ्या बाबांचा पांढरकवड्याचा मित्र आला होता. विचारतो, तिकडं घराबाहेर सिंह फिरत असतीन नं? मी म्हणालो, लागोसला दोन कोटी माणसं आणि ट्रॅफिक आहे, वाघ तुमच्या टिपेश्वरच्या जंगलात आहे, काल तुमच्याच गावची गाय नेली. तो म्हणाला, तो आपल्या ओळखीचा हाय. पुढं म्हणाला, तिकडचे लोक काय काय खातेत म्हंते बॉ! अशा माणसासमोर संयम ठेवायला शक्ती लागते, म्हणून दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले.

१५ ऑगस्ट
सुट्टी. घराला जोलोफ शिकवायचा निर्णय. टोमॅटो, लाल मिरची, कांदा वाटून परतला. बासमती टाकला. भांडं मुद्दाम खाली लागू दिलं, करपलेला वास हीच त्यातली कला आहे. मोठी आई धावत आली, गॅस बारीक केला, माझ्याकडं पाहिलं आणि मूठभर वाळवलेल्या तुरीच्या सोल्यांसकट स्वतःचा काळा मसाला त्यात ढकलला. मी ओरडलो. ती म्हणाली, काहून ओरडून राह्यला, मसालेभात असाच होते.

मसालेभात! सात वर्षांच्या संस्कृतीचा असा अपमान. निषेध म्हणून जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसलो. शेवटी बसलं की भांडं पुसूनच उठावं लागतं.

२४ ऑगस्ट
आईशी व्हिडिओ कॉल. तयारी केली होती: बल्बच्या बरोबर खाली बसलो, गाल आत ओढले, मोठ्या बाबांचा ढगळ शर्ट घातला. आईचा आवाज हलला. म्हणाली, किती उतरलास रे.

मग मात्र तिनं विषय बिघडवला. म्हणाली, इथं होतास तर रोज पिठलं आणि भाकरी मागायचास, जोलोफ केला की नाक मुरडायचास. आईची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे. या वयात होतं असं. बाबांना सांगायला हवं.

११ सप्टेंबर
७३. मेडिकलवाल्याचा काटा खराब आहे. तो स्वतःही जाड दिसतो, म्हणजे पुरावा समोरच आहे.

आज मात्र खरंच जीव लागेना. संडेची आठवण आली. संडे आमचा ड्रायव्हर. शुक्रवारी शाळेतून आणताना तो गाडी बायकोच्या टपरीपाशी थांबवायचा. पानात गुंडाळून वाफवलेलं गरम मोई-मोई, चवळीच्या पिठाचं. गाडीतच खायचं, कारण आईला बाहेरचं चालत नसे. तो बायकोला सांगायचा, साहेबांचा मुलगा फार बारीक आहे, अजून एक दे. घरी आल्यावर मी भूक नाही म्हणायचो आणि आई काळजी करायची. मला रडू आलं. खरंच आलं.

मोठ्या आईनं विचारलं, पोटात दुखून राह्यलं का? हो म्हणालो. तिनं ओवा दिला. ओव्यानं भूक वाढते हे तिनं आधी सांगायला हवं होतं.

३ ऑक्टोबर
काल नागपूर, दीक्षाभूमी. सगळं घर गेलतं. मी संकल्प केला होता: आजचा दिवस फक्त वंदना आणि पाणी.

पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भोजनदानाचे मंडप. माणसं हात धरून पानावर बसवतात, जयभीम दादा, जेवून जा. दान नाकारणं म्हणजे देणाऱ्याचं पुण्य अडवणं. पहिल्या मंडपात पुरीभाजी. दुसऱ्यात मसालेभात, तिसऱ्यात बुंदी. एका ठिकाणी वाढणारा म्हणाला, दादा, तुम्ही मघाशी येऊन गेलते नं? मी म्हणालो, तो माझा भाऊ. खोटं बोललो. पंचशीलातलं चौथं मोडलं, पण त्याचं मन मोडलं नाही.

परतीच्या गाडीत मोठे बाबा म्हणाले, तुह्यामुळे गाडी एका बाजूनं झुकून राह्यली. रिटायर झाला तरी एसटीचा माणूस विनोद सोडत नाही.

२६ ऑक्टोबर
मोठ्या बाबांचा शर्ट आकसला. धुण्याची पावडर बदलायला सांगितलं. व्हिडिओ कॉल बंद केले, नेटवर्कचं कारण दिलं. फक्त व्हॉइस मेसेज पाठवतो, आवाज बारीक करून. आई रडवेल्या आवाजात म्हणते, थोडे दिवस काढ बेटा.

म्हणजे योजना चालली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
प्रेमसिंगच्या गावी गेलो. त्यांचा कापूस व्यापाऱ्याकडे घालायला मदत केली. (गाठोड्यावर बसलो होतो, गाठोडी हलू नयेत म्हणून.) तिथं मोठा प्लेट काटा. प्रेमसिंगनं मला ढकलून त्यावर उभं केलं. ७६.

शांतपणे विचार केला. त्या व्यापाऱ्यानं त्यांचा खणखणीत वाळलेला कापूस हातात घेतला, चेहरा पाडला, ओलावा हाय म्हणाला आणि क्विंटलमागे काही किलोंची कट लावली. प्रेमसिंगच्या वडिलांनी पुढचं गाठोडं काट्यावर ठेवलं. बोलून काय होतं, काटा त्याचा. मग माझ्यातही ओलावा धरायलाच पाहिजे. सकाळपासून ताकच किती प्यालो होतो. सगळी कट लावून माझं खरं वजन ६८ च्या आसपास भरतं. प्रगती आहे.

प्रेमसिंगला हे सांगितलं. तो म्हणाला, असा हिशोब करत असशील तर फार्मसी सोड अन् कापसाचा धंदा कर.

संडेला सेल्फी पाठवला होता. उत्तर आलं: खूप ‘फ्रेश’ दिसतोस. तिकडं फ्रेश म्हणजे अंगानं भरलेला. चष्मा लागला असणार बिचाऱ्याला.

२१ डिसेंबर, रविवार
शेवटचा टप्पा. जानेवारी तोंडावर. आठवडाभर फक्त कोशिंबीर, असं सकाळी ठरवलं.

दुपारी मोठ्या बाबांच्या मित्राच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम निघाला. कणकेचे मोठाले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, राख झटकतात, फोडून तुपात बुडवतात, सोबत वांग्याची भाजी. कोशिंबीर होती. म्हणजे संकल्प तांत्रिकदृष्ट्या पाळला गेला, इतर गोष्टी फक्त जोडीला होत्या. पान मांडून जमिनीवर बसलो होतो, हातानं तोडून रश्श्यात बुडवून गिळत होतो, आणि वाटलं, लागोसलाही असंच की! एबा म्हणजे कसाव्याच्या पिठाचा गोळा, एगुसीच्या बियांचं सूप, हात. या विचारानं इतका व्याकूळ झालो की किती खाल्ले ते आठवत नाही. मोजणारे होते, पण ते वाढवून सांगतात.

मोठ्या आईनं फोटो काढला. दोन्ही हातांत रोडगा, हनुवटीवर तूप, हनुवट्या दोन. मी म्हणालो, कोणाला पाठवू नको. ती म्हणाली, मी कायले पाठवतो, मले कुठं येते.

२२ डिसेंबर
तिला येते. फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली तिचा व्हॉइस मेसेज: लेकराची काळजी करू नका, मस्त खाऊन-पिऊन हाय.

आईनं पाहिला. उत्तर नाही. बाबांनीही पाहिला.

लगेच मेसेज केला की ती सूज आहे.

२८ डिसेंबर
अजून उत्तर नाही. हे चांगलं लक्षण आहे. तिकिटाचं बघत असतील. बॅग काढून ठेवली. स्वेटर ठेवले नाहीत, लागोसला लागत नाहीत.

४ जानेवारी, रविवार
फोन आला. आई आणि बाबा दोघं एकत्र, म्हणजे गंभीर.

बाबा बोलले. कंपनी करार आणखी पाच वर्षं वाढवायला तयार होती. आई म्हणत होती, राहू, संघदीपला परत आणू. माझ्या व्हॉइस मेसेजनी तिचा निर्णयच झाला होता. नोव्हेंबरातच तिनं माझ्या खोलीला रंग लावून घेतला होता, मला सांगितलं नव्हतं. बाबांना मात्र परत यायचं होतं, फक्त यवतमाळ आता आपल्याला मानवेल का याची भीती होती. मग तो फोटो आला. बाबांनी तो मोठा करून पाहिला, मग आईला दाखवला. म्हणाले, पोराला तिथं इतकं मानवून राह्यलं, तर आपण कोणासाठी इथं थांबायचं? करार संपवला. मार्चमध्ये दोघं कायमचे इकडं येतात. तिथलं घर सोडायचं कळवलं. संडेला दुसरीकडं काम मिळालं.

मी म्हणालो, फोटोवर जाऊ नका, मी आतून खंगलोय. बाबा हसले. बराच वेळ हसत होते.

आई हसली नाही. तिनं विचारलं, येताना इथून काय आणू? काय खावंसं वाटतं ते सांग, सहा महिने रडत होतास. मी तोंड उघडलं. सगळी नावं होती. चव एकाचीही आठवेना. म्हणालो, काही आणू नको, इथं सगळं मिळतं.

फोन ठेवल्यावर कळलं, काय बोलून गेलो.

मोठ्या आईनं ताट वाढलं होतं. आज खरंच भूक नव्हती. तसं सांगितलं. ती म्हणाली, सहा महिन्यांपासून हेच ऐकून राह्यली मी, बस लवकर, भाकर थंडी होते.

जेवलो.