डावा बूट

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

कालपासून पितृपक्ष लागला. बरं झालं — सही लांबली. शार्दूलला फोनवर सांगितलं, या पंधरवड्यात घरादाराचे व्यवहार करत नाहीत. तो तिकडे टेक्सासला, फ्रिस्कोत वैतागला. "आई, सिरियसली? बायरला मी पितृपक्ष कसा एक्सप्लेन करू?" म्हटलं, नको करूस. आई म्हातारी आहे एवढं सांग, ते त्यांना पटेल.

पस्तीस वर्षं या गावात डॉक्टरकी केली, कधी मुहूर्त पाहून कुणाला टाका घातला नाही. पण गरज पडली की मी कडक श्रद्धाळू होते.

बायर म्हणजे डेन्व्हरचं तरुण जोडपं. शनिवार-रविवार डोंगरात यायला घर हवंय. घर १८९८ सालचं, त्यामुळे बाहेरून खिळा ठोकायचा तरी गावच्या कमिटीची परवानगी लागते. आत मात्र मालक राजा. ते स्वयंपाकघराची भिंत पाडणार आहेत — ओपन किचन! त्याच भिंतीत माझे देव आहेत.

सही आता १४ ऑक्टोबरला. नवरात्रही होऊन जाईल. मग शार्दूलच्या घरी, वरची खोली, खिडकीतून दिसणारी दुसऱ्याची खिडकी.

२१ सप्टेंबर, शनिवार

आवराआवर. मोहनने काहीही टाकलेलं नाही. दोन वर्षं झाली त्याला जाऊन, अजून डबेच निघताहेत. कॉफीच्या डब्यात वाकलेले खिळे, वर चिठ्ठी — "सरळ करायचे". खाणीत इंजिनिअर होता तेव्हाही असाच, आणि खाण बंद पडून तिच्यातून झिरपणारं नारिंगी पाणी मोजायच्या नोकरीवर लागला तेव्हाही असाच.

ट्रंकेच्या तळाशी शार्दूलचा छोटा निळा स्नो-बूट. एकटा उजवा. हा मीच ठेवलाय. डावा ८७च्या फेब्रुवारीत हरवला, त्याला न्युमोनिया झाला तेव्हा. तीन वर्षांचा होता. खिंड बंद व्हायच्या आत त्याला खाली मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या दिवशी तो सर्वांत वाईट अवस्थेत होता, आणि दुपारी मोहन उठला. म्हणाला, "घरी जाऊन येतो. पाइप गोठतील." बर्फ पडत असताना पोराला तसं टाकून पाइपांसाठी गेला! दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला, लाल डोळ्यांनी. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

पोरगा वाचला. बूट नर्सने हरवला असं धरून मी हॉस्पिटलला पत्रसुद्धा लिहिलं होतं.

ते पाइप मी मोहनला माफ केले नाहीत. चांगला नवरा होता. पण ती एक गोष्ट घशात अडकली ती अडकलीच. तो गेला त्या दिवशीही आठवली, याची लाज वाटते.

बूट टाकायच्या पिशवीत टाकला. मग काढला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

गावातल्या जुन्या घरांची नोंद करायला एक मुलगी आली. नेत्रा. पुण्यात आर्किटेक्चर केलं, आता डेन्व्हरला जुन्या इमारतींचा अभ्यास करते. दहा हजार फुटांवर पहिल्यांदाच राहतेय; जिना चढून आली आणि पाच मिनिटं बोलूच शकली नाही. पाणी पाजलं, बसवलं. वरण शिजायला इथे किती शिट्ट्या लागतात ते सांगितलं, तर वहीत लिहून घेतलं!

तिच्यासोबत मेन स्ट्रीटवर हिंडले. दुकानांच्या पुढच्या भिंती दुमजली आणि मागे बुटकं एकमजली दुकान — मी इतकी वर्षं त्यांना "लग्नातले फेटे" म्हणते. ती हसली. पूर्वी जिथे चांदीचा कस पाहत तिथे आता कॉफी मिळते. खाणीचा भोंगा अजून रोज बाराला वाजतो. त्यावर गावातली कुत्री जेवतात. हे सगळं मी तिला मालकिणीच्या तोऱ्यात दाखवत होते. महिन्याभरात सोडून जाणारी मालकीण.

घरी येऊन स्वयंपाकघराची भिंत ठोकून पाहिली तिने. "काकू, इथे जुनी चिमणी होती ना? मग भिंतीत कधी बूट सापडला का तुम्हाला? लहान मुलाचा?"

मी म्हटलं, नाही.

तिने समजावलं. इंग्लंडातून, कॉर्नवॉलकडून आलेले खाणवाले घर बांधताना चिमणीशेजारी पोराच्या पायातला बूट पुरत. बापाने स्वतः, कुणाला न सांगता. घरात शिरणारं वाईट त्या बुटात अडकतं आणि पोर सुटतं, असा समज. "सो स्वीट ना, काकू? आपल्याकडे बिल्डिंगला जुनी चप्पल टांगतात, तसंच यार."

चहा उतू गेला.

२५ सप्टेंबर, बुधवार

खोटं बोलले. तेही पुण्याच्या पोरीशी.

२८ सप्टेंबर, शनिवार

लिहूनच टाकते.

८६चा उन्हाळा. देव्हाऱ्यासाठी मोहनने त्या भिंतीत कोनाडा फोडला. विटांमागून एक बूट निघाला. चामड्याचा, माझ्या तळहाताएवढा, टाचेला तीन खिळे. मी किंचाळलेच. देवांच्या जागी चामडं! आईच्या घरी चपला ओसरीच्या आत आल्या नाहीत कधी. मी त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता फेक, आणि हात धुऊन ये. तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस ना?" म्हटलं, दवाखान्यात. तो बूट घेऊन गॅरेजमागे गेला. मी गोमूत्र नव्हतं म्हणून डेटॉल शिंपडलं.

महिन्याभराने शेजारची फ्रान्सिस ट्रेव्हेल आली. हे घर तिच्या आजोबांनी बांधलेलं. देवांकडे पाहून म्हणाली, "इथेच कुठेतरी माझ्या वडिलांचा बूट आहे, डॉक्टर. आजोबांनी ठेवलेला. वडील चाळीस वर्षं खाणीत उतरले आणि रोज वर आले." मग विचारलं — "आहे ना अजून?"

मी म्हटलं, आहे.

त्यानंतर दर नाताळला केक घेऊन यायची, भिंतीला हात लावायची आणि तेच विचारायची. आणि मी तेच सांगायचे. अडतीस केक खाल्ले मी त्या खोट्यावर.

२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री. वडे, खीर. कावळा इथे नाही, त्याचा थोरला भाऊ रेव्हन आहे. त्याने खीर पाहिली नाही, वडा उचलून गेला. मोहनच.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसवले. या घरातले शेवटचे. आता नऊ दिवस देव हलवायचे नाहीत. शार्दूलला सांगितलं, पॅकिंगवाल्यांनी त्या कोनाड्याला हात लावायचा नाही, दसऱ्यानंतर मी स्वतः काढीन. "ओके आई, टेक युअर टाइम," म्हणाला. गुणी आहे. म्हणून तर नाही म्हणता येत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

फ्रान्सिसचा निरोप. या वर्षीपासून ती खालच्या वृद्धाश्रमात असते, त्र्याण्णव वर्षांची. भिंत पडणार हे तिला कळलं. गावात काय लपतं? तिथली नर्स फोनवर म्हणाली, "भिंत पाडताना बूट जपून काढा आणि तिला आणून द्या. ती सोबत नेणार म्हणते." कुठे नेणार ते मी विचारलं नाही.

बाजारात जुने बूट मिळतात. नेटवर पाहिलेसुद्धा. चामड्याचा, लहान, १९००च्या सुमाराचा. कार्टमध्ये टाकला. मग स्वतःचीच शिसारी आली आणि लॅपटॉप मिटला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

जाऊन सांगितलं.

खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल. मी केक नेला होता, माझ्या हातचा — या उंचीवर बसतो तसा बसलेला. सगळं सांगितलं. देव, चामडं, डेटॉल. आणि दर नाताळचं खोटं. ऐंशी माणसांना त्यांचा मृत्यू सांगितलाय मी, हे त्याहून जड गेलं.

तिने केकचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "देवांजवळ बूट नको, हे माझ्या आजीलाही पटलं असतं. पण डॉक्टर, फेकला कुणी? तू?"

म्हटलं, मोहनने.

"मोहनने?" ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. "त्या माणसाने माझ्या कुंपणाचा वाकलेला खिळासुद्धा खिशात घातला होता."

गॅरेज पालथं घातलं. एकोणीस डबे. बूट नाही. म्हणजे एवढी एकच गोष्ट त्याने माझ्या शब्दाखातर टाकली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. आपट्याऐवजी इथे ॲस्पनची पानं. खरोखर सोन्याच्या रंगाची, नाण्याएवढी. मोहन दरवर्षी खिसा भरून आणायचा, खाणीच्या फाटकावर सगळ्यांना एकेक द्यायचा. "कंपनी देत नाही, मी देतो," म्हणायचा. बहुतेक पानं गळून गेलीत. ओढ्याकाठी जाऊन सात मिळाली. एक नेत्राला दिलं, तिने नोंदवहीत ठेवलं. एक फ्रान्सिसला पाठवलं.

तिच्याशिवाय इतकी वर्षं मी कुणाच्या विश्वासाला नख लावलं नव्हतं. आता भिंतच जाईल म्हणजे विचारणारंही कुणी नाही. शार्दूल म्हणतो, "आई, इट्स जस्ट अ वॉल." असेल.

उद्या देव काढायचे. परवा दहा वाजता सही.

१३ ऑक्टोबर, रविवार

देव उतरवले. कोनाड्याची मागची फळी तेलाने काळी झालेली, पुसायला गेले तर हलली. वर दोन स्क्रू, खाली एकही नाही. मोहन असं अर्धवट काम करत नसे. स्क्रू काढले.

फळीमागे, विटांत, त्याचा मोठा रुमाल. त्यात चामड्याचा बूट, टाचेला तीन खिळे.

आणि त्याला टेकून एक निळा. शार्दूलचा. डावा.

पाइप नव्हतेच. खिंडीतून, त्या बर्फात, तो यासाठी आला होता. घट बसवताना मला हसणारा, देवाला हात न जोडणारा माझा मोहन. मला सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, तेही त्याला माहीत होतं.

सदतीस वर्षं मी रोज सकाळी त्या दोन बुटांना नमस्कार करत होते.

ट्रंकेतून उजवा आणला, डाव्याजवळ ठेवला. उद्या सकाळी फ्रान्सिसला तिचा दाखवून आणते, तिने नाही ठेवून घेतला तर तोही परत जागेवर. फळी लावली. खालीही दोन स्क्रू मारले.

दहाला कुठे जायचं नाही. शार्दूलला फोन करून सांगितलं, घर विकत नाही.

"व्हाय, आई? काय झालं?"

म्हटलं, तुझा बूट सापडला. दिवाळीला ये, बघायला.