कुलूप बाहेरून होतं

प्रिय मृणू,

बारावीनंतर मी हाताने पत्र असं लिहिलेलंच नाही गं. अक्षर बघ, कोंबडीने पाय फिरवल्यासारखं झालंय. दिवसभर गणपतीचे डोळे आखून बोटं आखडतात, आणि ब्रश सोडून दुसरं काही हातात दिलं की ती ऐकतच नाहीत. तरी फोनवर लिहायचं नाही असं ठरवलंय. हे पत्र मंगळीच्या हाती देतेय. कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारणारी आपली मंगळी, तुझ्या वेळेलाही होती ती. तुला ‘डोळंवाली बाय’ म्हणायची.

इथे जोह्यात गणपतीचा सीझन अंगावर आलाय. आम्हा कामगारांवर ओरडून ओरडून कमळाकरकाकाचा आवाज सकाळी सातलाच बसलेला असतो. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, उंदीर रंगवायचे राहिलेत, आणि तुझ्या स्टुलावर आता करिश्मा बसते. पोरगी कामाला वाघ आहे, पण तिच्या हातचा प्रत्येक गणपती रागावलेला दिसतो. परवा काका म्हणाला, ‘अगो, हे गणपती हायत का पोलीस?’ सगळ्या हसल्या आणि मग तुझा विषय निघाला. तू पापणी ओढताना श्वास रोखायचीस आणि आम्हीही उगाच गप्प व्हायचो. ‘मृणालीला हंगामाला तरी पाठवायला सांग की जावयांना,’ असं काका मला म्हणाला. मी म्हटलं, त्याला ती नजरेआड झालेली चालत नाही. बायका ‘अय्या’ म्हणाल्या. तेव्हा मीसुद्धा हसले होते.

स्पीकर अजून चालू असतो, पण हल्ली गाणी नाहीत, ॲपवर वाचून दाखवतात त्या गोष्टी लावतात. आपण कॉलेजात असताना एकाच फोनवर डोकं घालून वाचायचो ना, तसल्याच. तो तिला उचलून नेतो, डोंगरातल्या बंगल्यात कोंडतो, आणि चौथ्या भागात ही बया म्हणते, त्याचा हात थरथरत होता म्हणजे त्याच्या आत काहीतरी दुखत असणार. गोष्ट सगळी तिच्याच तोंडून, त्यामुळे खरं किती नि खोटं किती ते आपणच हुडकायचं. ‘मला मुळीच भीती वाटली नाही’ असं तिने म्हटलं रे म्हटलं की तू मला चिमटा काढायचीस. खोटं पकडलं की चिमटा, असा आपला नियम. एसटीने घरी जाईपर्यंत माझी मांडी निळी झालेली असायची.

मी पुष्कळ विचार केला मृणू, हे आपल्याला इतकं का आवडायचं. आपण काही बावळट नव्हतो. मला वाटतं, घरात आपल्याकडे ढुंकून कुणी बघत नाही, आणि तिथे एक माणूस तिच्यावरून नजर काढत नाही, याची भूल पडते. शिवाय कोंडलेल्या बाईला कुणी विचारत नाही की भाजी का नाही आणलीस, लग्नाचं काय ठरलं. तिने काहीच ठरवायचं नसतं, त्यामुळे तिची चूकही कसली नसते. शेडमधल्या बायका तर उघड म्हणतात, कुणीतरी महिनाभर कोंडून ठेवा गो, झोप तरी होईल. आणि आपल्याला फोन खाली ठेवता यायचा. भीती वाटली की बंद करायचं, चहा प्यायचा, पुन्हा उघडायचं. चावी आपल्याकडे असल्यावर कैदेची मजा वाटते. हे मला आत्ता कळतंय, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. लाज वाटते.

आता एक सांगते, ते बसून वाच. ‘त्याचं कुलूप, माझं मन’ ही गोष्ट तू वाचतेस ना, ‘निशिगंधा’ नावाची कुणी बाई लिहिते ती? ती निशिगंधा मी आहे. दोन वर्षं झाली. काकालाही माहीत नाही. शेडमध्ये माझाच भाग स्पीकरवर लागतो आणि मी मान खाली घालून सोंडेवर पिवळा मारत बसते. बायका म्हणतात, काय लिहिते हो ही, अगदी घडलेलं वाटतं. तेव्हा मला जे गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं ना, त्याची आता किळस येते.

कारण ते घडलेलंच होतं. लग्नानंतर तू फोनवर जे जे सांगायचीस ते मी वहीत उतरवून ठेवायचे. यज्ञेशने तुझ्या साड्या निवडून बाकीच्या देऊन टाकल्या, ते मी बाराव्या भागात घातलं. तुला मैत्रिणींचे फोन आले की त्याचं डोकं दुखतं, ते सतराव्यात. पहिली शिफ्ट असली की तो साडेसहाला बाहेरून कुलूप लावून जातो, कारण कॉलनीत चोऱ्या होतात, आणि जाताना खिडकीतून तुला एकदा बघतो. तू हे हसत हसत सांगितलंस आणि मी म्हटलं, ‘मृणे, कसला रोमँटिक आहे गं!’ त्या भागाला सगळ्यात जास्त वाचक मिळाले. तू सांगत होतीस आणि मी टिपत होते. तुझ्या बोलण्यात ‘तसं काही नाही गं’ किती वेळा येतं ते मी मोजलंसुद्धा नाही. मी, जी कुठल्याही नायिकेचं खोटं दुसऱ्या ओळीत पकडते.

आणि याची सुरुवात त्याच्याही आधीची आहे. साखरपुडा झाल्यावर आपण कासूला माझ्या मावशीकडे गेलो होतो, आठवतं? परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो होतो आणि तासाभरात यज्ञेशचे अकरा फोन आले. तू म्हणालीस, ‘सुरे, मला जरा गुदमरल्यासारखं होतं.’ तू मला विचारत होतीस. आणि मी शहाणी काय म्हणाले? ‘अगं बाई, लोकांना असा माणूस गोष्टीत वाचायला मिळतो, तुझ्या घरी चालत आलाय.’ तू बारावा फोन घेतलास. त्या दिवशी चिमटा मला काढायला हवा होता कुणीतरी.

गेल्या महिन्यात तुझा मेसेज आला. ‘निशिगंधाची गोष्ट वाचते, बरं वाटतं, ती अगदी माझ्यासारखी आहे. यज्ञेशलाही आवडते. कंपनीतून आला की तोच मला नवा भाग उघडून देतो.’ पहिल्या दोन वाक्यांनी मी खूश झाले. तिसरं वाक्य मी चहाचा कप हातात धरून दहा वेळा वाचलं. तोच उघडून देतो. म्हणजे तुझा फोन त्याच्याकडे असतो. म्हणजे मी लिहिते, तो निवडतो आणि तुला वाचायला देतो, असं चाललंय. तरीही मी काय केलं असेल? पुढचा भाग लिहिला. त्यात माझा नायक विराज एक दिवस दार उघडं टाकतो आणि कोंडलेली तन्वी उंबरठ्यावर उभी राहून परत आत जाते. वाचकांनी रडून रडून माझं कौतुक केलं.

तोच भाग शेडमध्ये लागला होता. सगळ्या नाक ओढत होत्या. मंगळी एरवी कधी मध्ये बोलत नाही. तिने हातातला पॉलिशपेपर खाली टाकला आणि म्हणाली, ‘खोटं बोलते ही. मला बी कोंडलेलं दोन वर्सं, कोलशाच्या भट्टीवर. कोन बी आलं, इचारलं, तर मी काय सांगायची? शेठ चांगला हाय, खायाला देतो, मारीत नाय. असं बोललं नाय तर जीव ऱ्हात नाय गो. तुमी काय रडताव?’ मग ती पुन्हा घासायला लागली आणि घासता घासता म्हणाली, ‘आन् हिचं म्हायेर कुठं हाय? लिवनारीनं हिला येकदा बी म्हायेराला न्हेली नाय.’ माझ्या हातातला ब्रश गणपतीच्या डोळ्यातून खाली गालावर आला. तीन वर्षांत तू एकदाही पेणला आलेली नाहीस मृणू. गौरीला नाही, तुझ्या आईचं, वृंदाकाकूंचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. मी त्याच संध्याकाळी काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘जावई दर रविवारी न चुकता फोन करतात गं. मृणाली झोपलीय म्हणतात. फार झोपते का हो ती, असं विचारायचं मनात येतं, पण कसं विचारायचं?’

मागच्या मंगळवारी काकाला दात दुखतोय म्हणून सांगितलं आणि रोह्याची गाडी धरली. तुमच्या दाराशी आले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. दाराला बाहेरून कुलूप, चांगलं मुठीएवढं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, म्हणाल्या, ‘साहेब फार जपतात हो बायकोला.’ मी परत फिरणार तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मी तिथे उभी राहून तीन शिट्ट्या मोजल्या. मग गॅस बारीक केल्याचं कळलं, आणि तुझ्या बांगड्याही वाजल्या बहुतेक. मी हाक मारायला हवी होती. नाही मारली. मी स्टेशनकडे पळत सुटले, चोरासारखी. संध्याकाळी तुझा मेसेज आला, ‘आज दिवसभर अलिबागला होतो, खूप मज्जा आली.’ तो तू लिहिलास की त्याने, मला माहीत नाही. तू लिहिला असशील तरी मी रागावणार नाही. मंगळीने सांगितलंय मला, तसं का बोलावं लागतं ते.

ती गोष्ट मी काढून टाकली. वाचक शिव्या घालतायत, शेवटचा भाग कुठे म्हणून. यज्ञेशनेही शोधला असेल. असो.

आता हे पत्र कशासाठी, ते. येत्या गुरुवारी त्याची पहिली शिफ्ट आहे, मंगळीने करटोलीची भाजी विकता विकता कॉलनीत विचारून घेतलंय; हे पत्रही तिला भाजीच्या निमित्ताने खिडकीतून तुला द्यायला सांगितलंय. दहाच्या सुमारास मी येतेय. सोबत वृंदाकाकू, कमळाकरकाका आणि महिला हेल्पलाइनवरून जोडून दिलेल्या एक बाई असतील, त्यांनी पोलिसांना आधीच कळवलंय. कुलपाचं काय करायचं ते काका बघेल. तू सामान बांधू नकोस, त्याला संशय येईल. फक्त तुझे कागद कुठे आहेत ते लक्षात ठेव, आणि हे पत्र वाचून झाल्यावर गॅसवर धर, राख मोरीत सोड. काल मी मंगळीला विचारलं, भट्टीवरून तू सुटलीस कशी. ती म्हणाली, ‘भयीन आली. मी तिला बोलत व्हते, मी बरी हाय, तू जा. ती बोलली, बरी हायस तर भायेर येऊन बोल.’ मृणू, तूही म्हणशील, मी सुखात आहे. कदाचित माझंच चुकत असेल, मी गोष्टी रचणारी बाई, माझा काय भरवसा. तसं असेल तर मी तुझ्या पाया पडेन आणि पुढच्या गाडीने गुपचूप परत जाईन. पण ते तू दाराबाहेर ये, कॉलनीचं फाटक ओलांड, रस्त्यावर माझ्यासमोर उभी राहा आणि मग सांग. आतून सांगितलंस तर मी ऐकणार नाही.

तुझीच, उशिरा जागी झालेली,
सुरभी