चर्चच्या घंटेवर भरलेलं कॉलेज

अब्बांना सबिनाचा मेघालयातून सलाम,

तुमचा गुडघा कसा हाय? इंदापूरचं दुकान अम्मी बघती का? मी मजेत हाय, नुसती थंडी लय.

मी शिकवती ते चर्चनं काढलेलं कॉलेज सोमवारी सुरू झालं. मुलं थोडीच हायत. कॉलेजला घंटा न्हाय, म्हणून मी चर्चची वाजवायला लावली. हितं रविवार सोडून ती वाजली, की गावात कुणीतरी वारलं असं समजतात, हे मला कुठं ठाऊक? अख्खं गाव धावत आलं. फादरनी सांगितलं, कुणी गेलं न्हाय, कॉलेज भरलंय. मग माणसं तास संपेस्तोवर मागं बसली. त्यातल्या दोन बायांनी आपल्या पोरींची नावं कॉलेजात घातली.

एका म्हातारीनं मयतासाठी आणलेली फुलं माझ्या टेबलावर ठेवली.

तुमी परत ये म्हणता, अब्बा. इतक्यात कशी येऊ? फुलं अजून ताजी हायत.

तुमची लेक,
सबिना