रोमकात चंद्र पुरा उगवला

का. व. ३, मंगळवार
माझे गुरू अण्णा, त्यांचा तेरावा झाला. पंगत मोठी बसली. जन्मभर ज्यांनी त्यांना 'रोमकशास्त्री' म्हणून चिडवलं, तेच आज लाडवांवर लाडू मागून घेत होते. मी वाढायला होतो म्हणून तोंड बंद. नाहीतर...
साताऱ्याकडच्या एका पाहुण्याने विचारलं, हे रोमक काय प्रकरण आहे? सांगितलं. सिद्धांतग्रंथांत पश्चिमेला एक शहर दिलंय, रोमकपत्तन. आपल्याकडे उजाडतं तेव्हा तिथे मध्यरात्र. बाकीचे ज्योतिषी ते नाव नुसतं घोकतात. अण्णा म्हणत, शहर आहे तर माणसं असतील, आणि माणसं असतील तर कोणीतरी जाऊन आलं असेल. ते रोमक म्हणजेच हल्लीचं रूम, कुस्तुंतुनिया, हा त्यांचा सिद्धांत.
पाहुणा म्हणाला, बरं मग? आणि लाडू फोडला.

का. व. ९, सोमवार
पहाटे अण्णांच्या घरी, काकूंकडे गेलो. अंगणात पाय टाकला आणि सवयीने आवाज खाली आणला. अण्णांची शिस्तच तशी. पहाटेचा पाठ हळू म्हणायचा, का तर रोमकातली मंडळी निजली आहेत. नवा शिष्य हसायचा. चार दिवसांनी तोही कुजबुजायला लागायचा. काकूंनी तांब्या जरा आपटला तरी अण्णा आतून म्हणायचे, "अगं, मध्यरात्र आहे तिकडे."
आज कुजबुजायला कोणी नव्हतं. मी, काकू आणि पोपट. पोपट कधीच ऐकत नसे.
पन्नाशी उलटल्यावर फारसी शिकला हा माणूस, रूमच्या जुन्या कैसरांच्या हकिकती वाचायला म्हणून. त्या राजांच्या दरबारात सोन्याचं झाड होतं, त्यावर सोन्याचे पक्षी, कळ फिरवली की गायचे. हे कळलं त्या दिवशी जेवायचं विसरले. काकू म्हणाल्या होत्या, "बरे आहेत, पेरू तरी मागत नाहीत." अण्णा इतके हसले की ठसका लागला.
फार आठवण येते.

मार्ग. शु. २, मंगळवार
'रोमकनिर्णय' बांधून समोर ठेवलाय. ग्रंथ पुरा आहे, शेवटचं पान सोडून. वसंतपंचमीस विद्वानांच्या सभेत वाचायचा, असा शब्द अण्णांनी शेवटच्या आजारात माझ्याकडून घेतला. हात धरून. 'हो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
शेवटचं पान हाजींसाठी कोरं आहे. आदितवार पेठेतले हाजी इब्राहीम, अत्तरवाले. ते हजला निघाले, मक्केहून पुढे रूमला जाणार होते. अण्णांनी त्यांना गाठलं. त्या चैत्री पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं, पुण्यात बरोबर मध्यरात्री, म्हणजे रोमकात ऐन सूर्यास्ताला लागणारं. अण्णा म्हणाले, "तुम्ही एकच करा. तिथे संध्याकाळी चंद्र उगवताना बघा. उगवता उगवता कड काळी पडली, तर तेच रोमक."
पुण्यात आम्ही ग्रहण पाहिलं, वेळ चुकली नाही. हाजींचा अजून पत्ता नाही. वाट बघणारा गेला.

मार्ग. शु. ११, गुरुवार
ओंकारेश्वराशी दाजीशास्त्री भेटले. अण्णांचे हाडवैरी. दर सभेत अण्णा उठले की पाठोपाठ हे उठायचे. रोमक हा गणिताचा बिंदू आहे, तिथे शहर शोधणं म्हणजे विषुववृत्ताला गाठ कुठे मारली ते शोधणं, हा यांचा ठरलेला टोमणा. आज विचारलं, "वाचणार आहेस का रे ते? की पंचांगं विकण्यातून सवड नाही?"
म्हटलं, वाचणार. आपण झोप काढून या.
खूश झाले बहुतेक. जाताना ओठ हलत होते, माझ्या अंगावर टाकायची वाक्यं जुळवत असतील.

मार्ग. व. ५, शनिवार
हाजी आले!
निरोप मिळाल्याबरोबर धावलो. उन्हाने रापलेत, दाढी पांढरी झाली. अण्णा गेले हे त्यांना ठाऊक नव्हतं. पायरीवरच बसले, डोळे पुसत राहिले. अण्णांसाठी रूमच्या बाजारातून एक जुनं तांब्याचं नाणं आणलंय, दोन राजे शेजारी शेजारी बसलेले. मग मी विचारलं. विचारायला नको होतं असं आता वाटतं, पण विचारलं.
हाजी म्हणाले, "चंद्र उगवला तो पुरा. ताटाएवढा. मी डोळे फाडून बघितलं हो, शास्त्रीबुवांचं काम होतं. काळं कुठेच नाही. म्हटलं, थांबू. आम्ही चूल पेटवली, पुलाव केला, जेवलो, भांडी घासली, तेव्हा कुठे कड काळी पडली. मग बांग झाली, नमाजाला गेलो."
मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पुलाव.

मार्ग. व. ६
चुकले. अण्णा चुकले. रोमक आपल्यापासून पाव पृथ्वी लांब हवं, रूम तर पुष्कळ अलीकडे आहे. मग ते रोमक नव्हे. नाहीतर सिद्धांतग्रंथांतला आकडा तरी खोटा. दोन्हींत 'निर्णय' कोसळतो.
आज कोणाशी धड बोललो नाही. एका यजमानाला मुहूर्त विचारल्याबद्दल झापलं.

पौष शु. ३, गुरुवार
दाजीशास्त्री घरी आले. माझ्या घरी! आदितवारातलं काही लपत नाही, पुलावाची कथा त्यांच्या कानावर गेली होती. मी म्हटलं, झाला आनंद? घ्या पेढे वाटून.
ते बसले. पाणी मागितलं. मग खाली बघत म्हणाले, "तू हाजीचं काढू नकोस. आहे तसं वाच. मी उठणार नाही."
मला कळेना. म्हणाले, "तो समोर असता तर मी नाचलो असतो. आता कुणाला हरवू? उभा जन्म त्याच्याशी भांडलो रे. घरात सुद्धा इतका कुणाशी बोललो नाही."
आणि रडले. दाजीशास्त्री! मी त्यांना गुळाचा खडा दिला, काय करावं सुचेना.
गेल्यावर विचार करत बसलो. सोपं आहे. हाजी सभेत येणार नाहीत, दा. शा. उठणार नाहीत. शेवटच्या पानावर 'उगवताच ग्रस्त' एवढे दोन शब्द. अण्णांचं नाव होईल, चिडवणाऱ्यांची तोंडं बंद होतील. मोह झाला. अजून आहे.

पौष व. १, बुधवार
राहवेना. काकूंना सांगितलं. त्या दाराआड बसल्या होत्या, मी ओसरीवर. सगळं सांगितलं, पुलावासकट.
मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे उजाडतं तेव्हा तिथे मध्यरात्र नसतेच?"
नसते, म्हटलं. मध्यरात्र उलटून बराच वेळ झालेला असतो.
"उभ्या संसारात पहाटे मला मोठ्याने बोलू दिलं नाही हो यांनी."
आणि हसल्या. तेराव्यानंतर पहिल्यांदा. मलाही हसू आलं. हसता हसता त्यांचं रडणं कधी झालं कळलं नाही, मग मीही आवरलं नाही. पोपट ओरडत होता.
निघताना विचारलं, अण्णा असते तर काय करते? म्हणाल्या, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी हाजींच्या दारात जाऊन बसले असते, किती वेळाने कड काळी पडली ते विचारत.
खरंच की. हे मला सुचायला नको?
हाजींचं नाणं काकूंना दिलंय. त्यांनी चिंचेने घासून लख्ख केलं. अण्णा असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

पौष व. २
हाजींच्या दारात. दा. शा. वाटेत भेटले, कुठे निघालास म्हणाले, सांगितलं, तर बरोबरच आले. दोघे बाहेरच्या ओट्यावर अंग चोरून बसलो.
हाजींना विचारलं, चंद्र उगवल्यापासून किती घटका? म्हणाले, घटका कोण मोजतो, सांगितलं ना, पुलाव करून जेवून भांडी घासेपर्यंत. दा. शा. म्हणाले, पुलाव हे काय माप झालं? आमच्या कुठल्या ग्रंथात नाही.
हाजींना लागलं ते. म्हणाले, "मग करून दाखवतो. तुम्ही आणा तुमचं पाण्यातलं भांडं."

पौष व. ८, बुधवार
लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही.
लग्नघरचं घटिकापात्र मागून नेलं. घंगाळात पाणी, त्यावर भोकाची वाटी. ती बुडाली की एक घटका. दा. शा. मोजायला, मी लिहायला. सूर्य मावळला, हाजींनी चूल पेटवली. आम्ही बसलोय म्हणून बिचाऱ्यांनी नुसत्या भाताची तयारी केली होती. दा. शां.नी नाकाला उपरणं लावून विचारलं, तिथे मांस होतं ना? हाजी म्हणाले, होतं, पण आपण ब्राह्मण...
"मग मांसच शिजवा. शास्त्राला खोटं चालत नाही."
हाजी बघतच राहिले. मी सुद्धा.
शिजायला वेळ लागला. मग जेवणं. हाजींना मधेच आठवलं, तिथे बोळक्या तोंडाचा एक सोबती होता, त्याच्यासाठी सगळे थांबले होते. लगेच शेजारचे म्हातारे चाचा बोलावून पंगतीत बसवले. ते इतके खूश झाले की थांबेचनात. दा. शा. ओरडायला लागले, अहो आवरा, रूम सरकतंय! हाजी हसून लोळले. मी वाटी बुडताना बघायची विसरलो, ती दा. शां.नी पाहिली म्हणून बरं.
भांडी घासून झाली तेव्हा साताच्या आसपास घटका झाल्या होत्या. पुण्यात ग्रहण लागलं ते सूर्यास्तानंतर पंधरा घटकांनी, म्हणजे पुणे आणि रूम यांत आठ घटकांचं अंतर. सिद्धांतग्रंथांत पंधरा. पण हाजी म्हणतात, तिथली लाकडं ओली होती. धूर फार झाला होता, डोळ्यांना पाणी आलं होतं. मग उद्या ओल्या लाकडांवर?
परत येताना दोघेही अंघोळीला नदीवर गेलो. पाणी बर्फासारखं. दा. शा. कुडकुडत म्हणाले, आज तो असता तर रे.
एवढंच.

माघ शु. ४, रविवार
ओल्या लाकडांवर नऊ घटका भरल्या, म्हणजे अंतर सहाचं. चाचा दोन्ही दिवस जेवले. आकडा पक्का होत नाही, पण पंधराचा काही केल्या होत नाही.
दुपारी काकूंकडे ग्रंथ घेऊन गेलो. विचारलं, अण्णांचं ते वाक्य खोडू का? 'रोमकं रूममेव' हे. खोडून खाली दुरुस्त करतो, म्हणजे कोणाला कळणार नाही ते चुकले होते.
काकू दारात आल्या. म्हणाल्या, "खोडू नकोस, विसू. चूक त्यांची आहे. त्यांच्याच नावावर राहू दे. एवढी कष्टाने केलेली, ती का हिरावून घेतोस? तुझं खाली लिही, तुझ्या नावाने."
घरी येऊन शेवटचं पान पुढे घेतलं. हाजींची साक्ष लिहिली, चूल, पुलाव, ओली लाकडं, सगळं. दा. शा. उद्या उठणार आहेत, पण माझ्या बाजूने, असा निरोप आलाय. त्यावर सभेत काय गोंधळ होईल देव जाणे. आकड्याची जागा मोकळी ठेवली आहे.
पण खरी धास्ती सभेची नाही. इतकी वर्षं अण्णांपुढे बसलो, 'आपलं चुकलं' असं त्यांना एकदाही म्हणालो नाही. जीभच उचलायची नाही. उद्या भर सभेत म्हणायचंय, आणि रागावायला ते नाहीत. मघाशी एकटाच म्हणून बघितलं. पहिला शब्दच कुजबुजत निघाला.