गळ्यातील उजेडाचा खुलासा

प्रति,
मा. प्रमुख संशोधन अधिकारी,
क्षयरोग प्रतिमा अभ्यास, छत्रपती संभाजीनगर.

विषय : गुरुवारी तपासणीसाठी गळ्याचा तुकडा काढण्याचे रद्द करून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराची यंत्रात काढलेली तिन्ही चित्रे.

महोदय,

अर्जदार शेख मजीद शेख इब्राहिम, धंदा सिल्लोडच्या बाजारात शेळ्या-बोकडांची दलाली, सविनय सादर करतो की, क्षयाची औषधे चालू असताना तो आपल्या अभ्यासात राजीखुशीने दाखल झाला. शिरेतून गोड औषध सोडायचे, तासभर गप्प पडायचे, मग यंत्रात जायचे. रोग असेल तिथे चित्रात उजेड दिसतो, असे आपण समजावले. जो स्नायू काम करील तोही उजळतो, हेही समजावले. अर्जदाराने मान हलवली होती.

१. पहिल्या वेळी शेजारच्या खाटेवर याच अभ्यासातले मुंजाबा कोळेकर हे मेंढपाळ होते. त्यांनी "कोन गाव, पाव्हणं?" असे विचारले. यावर उत्तर न देणे आमच्याकडे वैर धरल्यासारखे समजतात. सबब तासभर बोलणे झाले. फुप्फुसापेक्षा गळाच जास्त उजळला.

२. दुसऱ्या वेळी अर्जदाराने तोंडाला रुमाल बांधला. मुंजाबांनी "मजीदभाई, रुसलात व्हय?" म्हटल्याने तो सोडणे भाग पडले. गळा पुन्हा उजळला आणि आपण 'संशयास्पद' असे लिहून गुरुवार नेमून दिला. सोबत आलेली पत्नी अनिसा हिने मदत म्हणून, "साहब, इनका गला तो शादी से ऐसाइच है," असे सांगितल्याने आजार जुनाट धरला गेला.

३. तिसऱ्या वेळी अर्जदार एक शब्द बोलला नाही. गळा काळाकुट्ट आला. परंतु मुंजाबांना एक बोकड विकायचा होता, आणि आमच्या धंद्यात भाव तोंडाने नव्हे, रुमालाखाली बोटे दाबून ठरतो. मुंजाबा लई चिवट माणूस. परिणामी अर्जदाराचा उजवा हात कोपरापर्यंत पेटला. यावरून गळ्याचा रोग हातात उतरला असे ठरून आता दोन्हीकडचे तुकडे मागण्यात येत आहेत.

दलालाचा गळा आणि हात गेल्यावर उरते ते फुप्फुस. त्यात तर आधीच क्षय आहे.

तरी दोन्ही अवयव जागच्या जागी राहू द्यावेत व चौथे चित्र काढावे. त्या दिवशी मुंजाबांस दुसऱ्या खोलीत ठेवावे, अर्जदाराची तक्रार नाही. मात्र औषध टोचण्यापूर्वी उभयतांस थोडा वेळ एकत्र बसू द्यावे. सौदा अजून पटलेला नाही.

आपल्या सूचनेनुसार आतापासूनच गप्प,
शेख मजीद शेख इब्राहिम
(सही डाव्या हाताने)
दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत : मुंजाबांच्या हाताचे चित्र. तोही तितकाच पेटला आहे, ताडून पाहावे.